डोंगराचे गाणे आणि कॉलेजातला निवेदक

बोस्टन शहरासमोर, चार्ल्स नदीच्या दुसऱ्या तीरावर, अमेरिकेतील सर्वांत जुने विद्यापीठ आहे. हार्वर्डची स्थापना १६३६ सालची. न्यायाधीश, मंत्री, राष्ट्राध्यक्ष यांची जणू ती टाकसाळच. या विद्यापीठातील विद्यार्थ्यांनी चालविलेल्या नभोवाणी केंद्रावर १९४८ मध्ये एक कार्यक्रम सुरू झाला. त्याचे नाव 'हिलबिली ॲट हार्वर्ड'. नाव ऐकताच बोस्टनकर हसले असतील, आणि ते ठेवणाऱ्यांनाही बहुधा तेच हवे होते. दक्षिणेकडच्या डोंगराळ मुलखातून आलेल्या गरीब गोऱ्या माणसाला शहरी अमेरिका 'हिलबिली' म्हणत असे. मुंबईत एके काळी 'घाटी' हा शब्द ज्या सुरात उच्चारला जाई, त्याच सुरातला हा शब्द. डोंगरावरून आलेला, म्हणून अडाणी. आणि अडाणी, म्हणून त्याचे गाणेही अडाणी. हार्वर्डच्या आवारातून ते गाणे ऐकवायचे, म्हणजे सनातनी पंडितांच्या सभेत तमाशातली ढोलकी वाजविण्यासारखेच होते.

थट्टेने सुरू झालेला हा कार्यक्रम अर्धशतक उलटून गेले तरी चालू राहिला. विद्यार्थी येत, पदवी घेऊन जात. शनिवार सकाळचे ते गाणे मात्र थांबले नाही. ज्या मोठमोठ्या केंद्रांनी हे गाणे अमेरिकेच्या घराघरांत नेले, त्यांतील कित्येकांनी मधल्या काळात त्याला निरोप दिला होता. गाण्याला वाढविले धंद्याने, टाकले धंद्याने, आणि ज्यांचा त्या डोंगराशी किंवा त्या धंद्याशी काडीचा संबंध नव्हता अशा कॉलेजातल्या पोरांनी ते सांभाळले. असे का घडले, आणि जे सांभाळले गेले ते नेमके काय होते, हा अमेरिकन नभोवाणीच्या इतिहासातील एक लक्षणीय प्रश्न आहे.

ॲपलाचियन पर्वताच्या रांगा उत्तरेकडून नैर्ऋत्येकडे पसरत अलाबामापर्यंत पोहोचतात. अठराव्या शतकात स्कॉटलंड, उत्तर आयर्लंड आणि इंग्लंड येथून आलेली माणसे या दऱ्याखोऱ्यांत वसली. त्यांनी सोबत आणली ती फिडल, म्हणजे लोकवादकाच्या हातचे व्हायोलिन, आणि लांबलचक कथागीते. आपल्या पोवाड्याप्रमाणे या गीतांत युद्धे, खून, फसलेली प्रेमे आणि बुडालेली जहाजे असत. फरक इतकाच, की पोवाड्याला वीरश्री हवी असते आणि ही कथागीते अत्यंत कोरड्या, अलिप्त आवाजात गायली जात. दुसरे वाद्य बँजो. ते युरोपातले नव्हे. आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या लोकांच्या भोपळ्याच्या तंतुवाद्यांतून ते घडले. फिडल आणि बँजो ही जोडी जिला 'अस्सल गोऱ्या डोंगरी संगीताची' खूण मानण्यात आले, ती मुळातच दोन खंडांची सोयरीक होती.

इंग्लंडचा लोकगीतसंग्राहक सेसिल शार्प १९१६ ते १९१८ या काळात आपली सहकारी मॉड कार्पेलिस हिच्यासह या डोंगरांतून पायपीट करीत होता. इंग्लंडात विस्मरणात गेलेली जुनी गीते त्याला तेथे म्हाताऱ्यांच्या तोंडी सापडली, आणि त्याला खजिनाच हाती लागल्यासारखे झाले. परंतु शार्पला हवे होते ते इंग्लंड. त्याच माणसांनी बँजोवर वाजविलेल्या चाली, चर्चमधली भक्तिगीते, नुकत्याच घडलेल्या रेल्वे अपघातावर रचलेले गाणे, यांकडे त्याने बहुतांशी पाठ फिरविली. परंपरेच्या नावाने वेचणारा मनुष्य टाकतोही पुष्कळ, ही गोष्ट येथेच ध्यानात ठेवावी. पुढे ती पुन्हा भेटणार आहे.

शार्प परतल्यावर चारच वर्षांनी नभोवाणी आली. अटलांटाच्या डब्ल्यू.एस.बी. केंद्राने १९२२ मध्ये फिडलिन जॉन कार्सन या वयस्क वादकाला ध्वनिक्षेपकापुढे उभे केले. पुढच्या वर्षी, जून १९२३ मध्ये, ओकेह कंपनीच्या राल्फ पीरने त्याचे ध्वनिमुद्रण केले. पीरला ते गाणे भयंकर वाटले, इतके की ती तबकडी बाजारात आणण्याची त्याची तयारी नव्हती. स्थानिक विक्रेत्याने हट्ट धरून पाचशे प्रती मागविल्या आणि त्या हातोहात खपल्या. तेव्हा पीरच्या कानाने नव्हे, पण व्यवहारबुद्धीने हे संगीत ओळखले.

१९२७ सालचा जुलै महिना या दृष्टीने मोठा योगायोगाचा आहे. २३ जुलै रोजी मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीच्या केंद्राचे व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या हस्ते उद्घाटन झाले आणि हिंदुस्थानातील नियमित नभोवाणीचा श्रीगणेशा झाला. त्यानंतर दोनच दिवसांनी, २५ जुलै रोजी, टेनेसी आणि व्हर्जिनिया या दोन राज्यांच्या सीमेवरील ब्रिस्टल गावात एका टोप्यांच्या कारखान्याच्या माडीवर पीरने, आता व्हिक्टर कंपनीसाठी, आपली यंत्रे मांडली. ५ ऑगस्टपर्यंत तेथे १९ कलावंतांची व गटांची ७६ ध्वनिमुद्रणे झाली. डोंगरातून मोडक्या मोटारीने आलेले कार्टर कुटुंब, म्हणजे ए. पी. कार्टर, त्याची पत्नी सेरा आणि मेव्हणी मेबेल, तसेच क्षयाने पोखरलेला, पूर्वी रेल्वेत नोकरी केलेला जिमी रॉजर्स, हे दोघेही त्या एका आठवड्यात यंत्रापुढे उभे राहिले. अमेरिकन ग्रामीण संगीताच्या दोन मोठ्या धारा तेथून सुरू होतात असे मानण्यात येते.

तबकडीपेक्षाही नभोवाणीचा प्रभाव मोठा. तबकडी विकत घ्यावी लागे. रेडिओ शेजारच्या घरी जाऊनही ऐकता येई. शिकागोच्या डब्ल्यू.एल.एस.ने १९२४ मध्ये शनिवार रात्रीचा 'बार्न डान्स' सुरू केला. हे केंद्र सीअर्स या प्रचंड दुकानकंपनीचे. नॅशव्हिलचे डब्ल्यू.एस.एम. एका विमा कंपनीचे. तेथे २८ नोव्हेंबर १९२५ रोजी जॉर्ज हे या निवेदकाने ७७ वर्षांच्या अंकल जिमी टॉम्प्सनला फिडल वाजविण्यास बसविले, आणि श्रोत्यांच्या तारा व पत्रे यांचा पाऊस पडला. याच कार्यक्रमाला डिसेंबर १९२७ मध्ये 'ग्रँड ओल ऑप्री' हे नाव मिळाले. त्याआधी ऐकविल्या जाणाऱ्या अभिजात ऑपेरासंगीताची ती खेडवळ टवाळी होती.

जॉर्ज हे हा गृहस्थ या कथेत महत्त्वाचा आहे. तो स्वतःला 'गंभीर वृद्ध न्यायाधीश' म्हणवून घेई. वय अवघे तीस. त्याच्या कार्यक्रमात वाजविणाऱ्या एका मंडळाचे प्रमुख होते डॉ. हंफ्री बेट, व्हँडरबिल्ट विद्यापीठातून वैद्यकाची पदवी घेतलेले डॉक्टर. त्यांच्या मंडळाला हेने 'पॉसम हंटर्स', म्हणजे रानातली जनावरे मारून खाणारे, असे नाव दिले. नीटनेटका कोट-टाय घालून येणाऱ्या वादकांचे कामगारी पोशाखातले, मक्याच्या शेतातले फोटो काढविले. श्रोत्याला अडाणी डोंगरी हवा होता; विमा कंपनीला श्रोता हवा होता. एकंदरीत 'हिलबिली' हा पुष्कळसा रंगभूषेचाच प्रकार होता, आणि तो रंग तरुण निवेदकाने लावला होता. लाखो लोकांनी मात्र त्या रंगाखालचे गाणे ऐकले आणि ते आपले मानले. १९३२ मध्ये डब्ल्यू.एस.एम.ची शक्ती ५०,००० वॅट झाली, तेव्हा निरभ्र रात्री ते अमेरिकेच्या अर्ध्याअधिक भागात ऐकू येऊ लागले. कार्टर कुटुंबाला तर १९३८ नंतरची काही वर्षे मेक्सिकोच्या हद्दीतील एका दांडग्या केंद्राने सर्व देशभर पोहोचविले. ते केंद्र एका भोंदू वैद्याचे. पुरुषत्वासाठी बोकडाच्या ग्रंथी बसवून देणारा हा ब्रिंक्ली आपल्या औषधांच्या जाहिरातींमध्ये भक्तिगीते पेरीत असे. संस्कृतीचे वाहक नेहमीच सोवळे असतात असे नाही.

या सर्व काळात गाणी घडतही होती. ए. पी. कार्टर डोंगरातून गाणी गोळा करीत हिंडे, तेव्हा त्याच्या सोबत लेस्ली रिडल नावाचा कृष्णवर्णीय गिटारवादक असे. एका अपघातात त्याने पाय गमावला होता. कार्टर शब्द टिपून घेई आणि रिडल चाल लक्षात ठेवी. प्रसिद्धी आणि हक्क कार्टरच्या नावे नोंदले गेले. रिडलचे नाव तबकडीवर नव्हते.

आणि ज्याला पुढे 'पारंपरिक ब्लूग्रास' म्हणू लागले त्याचे वय पाहावे. केंटकीचा मॅन्डोलिनवादक बिल मन्रो १९३९ मध्ये ऑप्रीत आला. १९४५ च्या अखेरीस अर्ल स्क्रग्ज हा एकवीस वर्षांचा मुलगा तीन बोटांनी बँजो वाजविण्याची आपली विजेसारखी पद्धत घेऊन त्याच्या मंडळात दाखल झाला. १९४८ च्या आरंभी तो निघूनही गेला. तेवढ्या दोन-सव्वादोन वर्षांत त्या संगीताचे रूप ठरले. म्हणजे हार्वर्डच्या मुलांनी १९४८ मध्ये आपला कार्यक्रम सुरू केला तेव्हा हे 'जुने' संगीत तीन वर्षांचे होते! ते डोंगराच्या गाभ्यातून नव्हे, तर विमा कंपनीच्या ध्वनिक्षेपकापुढे जन्मले होते.

आता हार्वर्डकडे वळण्यापूर्वी कॉलेजातील नभोवाणी म्हणजे काय हे सांगणे अवश्य आहे. १९३६ मध्ये ऱ्होड आयलंड राज्यातील ब्राउन विद्यापीठात जॉर्ज एब्राहम आणि डेव्हिड बोर्स्ट या दोन विद्यार्थ्यांनी एक युक्ती केली. मनोरा नाही, परवाना नाही. वसतिगृहांत फिरविलेल्या तारांतूनच ध्वनीचा प्रवाह सोडायचा. त्या तारांजवळ ठेवलेल्या रेडिओवर तो ऐकू येई, आवाराबाहेर त्याचा मागमूस नसे. हे लोण कॉलेजाकॉलेजांतून पसरले. हार्वर्डचे केंद्र १९४० मध्ये अशाच रीतीने सुरू झाले, विद्यार्थ्यांच्या दैनिकाची एक शाखा म्हणून. १९४५ मध्ये अमेरिकन सरकारने एफ.एम. पट्ट्याचा खालचा भाग शिक्षणसंस्थांसाठी राखून ठेवला, आणि १९४८ पासून त्यांना अवघ्या दहा वॅटच्या केंद्राचेही परवाने मिळू लागले. दहा वॅट म्हणजे अभ्यासाच्या टेबलावरील जुन्या दिव्याच्या पाव शक्ती. हार्वर्डच्या केंद्राला १९५७ मध्ये एफ.एम.चा व्यापारी परवाना मिळाला आणि आज डब्ल्यू.एच.आर.बी. या नावाने ओळखले जाणारे ते केंद्र नदी ओलांडून बोस्टनच्या घरांत शिरले.

नेमक्या त्याच सुमारास डोंगरी गाणे मोठ्या केंद्रांवरून हटू लागले होते. १९५४ मध्ये मेम्फिसच्या एल्व्हिस प्रेस्लीने आपल्या पहिल्याच तबकडीच्या एका बाजूला बिल मन्रोचे एक संथ गीत घेतले आणि त्याला अशी काही गती दिली की जुन्या मंडळींच्या पोटात गोळा आला. तरुण श्रोता तिकडे वळला. नॅशव्हिलच्या ध्वनिमुद्रकांनी त्याला उत्तर शोधले ते वेगळे. चेट ॲटकिन्स आणि ओवेन ब्रॅडली यांनी फिडल आणि बँजो बाजूला सारले. त्यांच्या जागी व्हायोलिनांचा ताफा आणि मंद समूहस्वर आले. गाणे गुळगुळीत झाले, शहरातही खपू लागले. पुढे 'कन्ट्री' ही पाटी लावणाऱ्या केंद्रांची संख्या वाढतच गेली, मात्र कार्टर कुटुंबाला किंवा मन्रोला त्यांच्या यादीत क्वचितच जागा मिळे. शिकागोच्या डब्ल्यू.एल.एस.ने तर मे १९६० मध्ये 'बार्न डान्स'ची परंपरा मोडून लोकप्रिय चाळीस गाण्यांचे सूत्र स्वीकारले. छत्तीस वर्षांच्या संसारावर एका आठवड्यात पाणी सोडले.

मुंबई-गोव्याच्या श्रोत्याला यात एक गंमत दिसेल. वांद्रे, माहीम आणि मडगाव येथील ख्रिस्ती घरांतून ज्या अमेरिकन ग्रामीण गायकाचा मखमली आवाज पिढ्यान् पिढ्या ऐकला गेला, तो जिम रीव्हज या गुळगुळीत शैलीचाच मुकुटमणी. १९६४ च्या जुलैमध्ये तो विमान अपघातात गेला. त्याच्या तबकड्या आपल्याकडे झिजेपर्यंत वाजल्या. हा रीव्हज एके काळी लुइझियानाच्या श्रीव्हपोर्ट केंद्रावर साधा निवेदक होता. आपल्याकडे 'कन्ट्री' म्हणून जे आले, ते डोंगर उतरून, दाढी करून, कोट घालून आलेले गाणे होते.

आणखी एक तुलना मनात येते. १९५२ मध्ये भारत सरकारच्या नभोवाणीने, डॉ. बाळकृष्ण केसकर माहितीमंत्री असताना, चित्रपटगीतांना दार लावले आणि अभिजात संगीताला सिंहासन दिले. श्रोता उठून सिलोनकडे गेला. त्याच वर्षी डिसेंबरात तिकडून मुंबईच्या अमीन सयानीचा तरुण आवाज ऐकू येऊ लागला. शेवटी १९५७ मध्ये विविध भारती सुरू करावी लागली. अमेरिकेत झाले ते याच्या उलट. तेथे कोणत्याही मंत्र्याने काहीही बंद केले नाही. बाजाराने मोजणी केली आणि ज्याला गिऱ्हाईक कमी ते आपोआप गप्प झाले. सरकारी निर्णयाविरुद्ध निदान गाऱ्हाणे घालता येते. बाजाराच्या निर्णयाला टेबलही नसते आणि खुर्चीही नसते.

अशा वेळी बोस्टनमध्ये, हार्वर्डपासून थोड्याच अंतरावर, एक वेगळे विद्यालय भरत होते. पश्चिम व्हर्जिनियातून आलेले एव्हरेट आणि बी लिली हे भाऊ, बँजोवादक डॉन स्टोव्हर आणि फिडलवादक टेक्स लोगन १९५२ मध्ये या शहरात आले. यांतला लोगन मुळात टेक्साससारख्या दूरच्या राज्यातला, आणि शिक्षणाने अभियंता. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत तो शिकला आणि पुढे बेल कंपनीच्या प्रयोगशाळेत संशोधक झाला. लिली बंधू 'हिलबिली रँच' नावाच्या मद्यालयात वाजवू लागले. जागा बसस्थानकाजवळची, गिऱ्हाईक बहुतेक खलाशी आणि शिपाई. धूर, आरडाओरड, प्रसंगी मारामारी. अशा ठिकाणी ते जवळजवळ अठरा वर्षे रात्रीमागून रात्री वाजवीत राहिले. कोपऱ्यातल्या टेबलावर एकच पेला पुढ्यात ठेवून तासन् तास बोटांकडे पाहत बसणारी कॉलेजातली मुले हळूहळू तेथे दिसू लागली. रेडिओवर शनिवारी सकाळी ऐकायचे आणि रात्री रँचवर जाऊन पाहायचे, असा तो अभ्यासक्रम होता.

'हिलबिली ॲट हार्वर्ड'च्या निवेदकांत 'ओल्ड सिंक' म्हणजे ब्रायन सिंक्लेअर आणि 'कझिन लिन' म्हणजे लिन जॉयनर ही दोन नावे पुढे सर्वतोमुखी झाली. विद्यार्थिदशा संपल्यावरही कित्येक वर्षे त्यांनी शनिवारची ती सकाळ सोडली नाही. टोपणनावांत जॉर्ज हेच्या 'वृद्ध न्यायाधीशा'चा प्रतिध्वनी आहे: पोरांनी म्हाताऱ्याचा किंवा नातलगाचा आव आणायचा. परंतु काम मात्र उलट दिशेचे होते. हेने शिकलेल्या माणसांना अडाणी करून दाखविले होते. हे निवेदक ज्यांना अडाणी ठरविण्यात आले त्यांची विद्वत्तेने दखल घेत होते.

हा निवेदक करतो तरी काय? व्यापारी केंद्रावरील निवेदक गाण्याच्या आरंभीच्या सुरांवर बोलत राहतो आणि शेवटच्या सुरांवर पुन्हा बोलू लागतो. त्याचे लक्ष घड्याळाकडे आणि जाहिरातीकडे. कॉलेजातला निवेदक गाणे पुरते संपू देतो. मग तो सांगतो: हे मुद्रण अमुक साली, अमुक गावी झाले; बँजो याच्या हातचा; हेच गीत दहा वर्षांपूर्वी दुसऱ्याने असे गायले होते, आता ते ऐका. कीर्तनकाराने अभंगातला एकेक शब्द उलगडून दाखवावा तसा हा प्रकार. त्यासाठी लागणारी माहिती त्या काळी पुस्तकांत नव्हती. ती तबकडीवरच्या झिजलेल्या लेबलांत, कंपन्यांच्या नोंदवह्यांत आणि विस्मृतीत गेलेल्या म्हाताऱ्यांच्या आठवणींत विखुरलेली होती. संग्राहक खेड्यापाड्यांतून घरोघर जाऊन माळ्यावरच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या मागत. मेरीलँडच्या ज्यो बसार्डने अशा रीतीने हजारो जमविल्या, आणि त्यांतील निवडक तबकड्यांचा त्याचा कार्यक्रम अटलांटाच्या जॉर्जिया टेक विद्यार्थी केंद्राने वर्षानुवर्षे ऐकविला.

या सगळ्या उद्योगाला पगार नव्हता. तेच त्याचे बळ ठरले. ज्याला काही विकायचे नाही, त्याला श्रोत्यांची संख्याही मोजावी लागत नाही.

परिणाम दिसू लागले. १९६३ मध्ये बिल मन्रोने आपल्या मंडळात बँजोवर घेतलेला बिल कीथ हा बोस्टनचा राहणारा आणि ॲम्हर्स्ट कॉलेजचा पदवीधर होता. मंडळात 'बिल' एकच असू शकतो, या न्यायाने मन्रो त्याला 'ब्रॅड' म्हणे. ज्या संगीताचा जन्म होऊन अठरा वर्षे झाली होती त्याच्या प्रवर्तकाला उत्तरेकडचा एक शहरी मुलगा नव्या बँजोपद्धतीची दिशा दाखवीत होता, आणि तो हट्टी म्हातारा ती मान्य करीत होता. वॉशिंग्टनमध्ये अमेरिकन युनिव्हर्सिटीच्या डब्ल्यू.ए.एम.यू. केंद्रावर १९६७ च्या जुलैमध्ये गॅरी हेंडरसन आणि डिक स्पॉट्सवुड यांनी अर्ध्या तासाचा ब्लूग्रास कार्यक्रम सुरू केला. हेही केंद्र मुळात १९५१ साली विद्यार्थ्यांनी तारांवरून चालविलेले. राजधानीत डोंगराकडून पोटासाठी आलेली कुटुंबे पुष्कळ होती; त्यांना हा कार्यक्रम म्हणजे माहेरचा निरोप वाटला. त्याचबरोबर सरकारी कचेऱ्यांतली माणसेही ऐकू लागली. १९७१ मध्ये तेथे निघालेल्या 'सेल्डम सीन' या नामांकित मंडळात एक गणितज्ञ, एक लष्करी शल्यवैद्य आणि एक नकाशे काढणारा होता. कचेरी सुटल्यावर तळघरात बसून बँजो वाजविणारा गणिती ही कल्पना कोणत्याही देशाच्या सचिवालयात थोडी हेवा वाटण्यासारखीच आहे.

तरीही निवेदकांच्या निष्ठेला एक अंधारी बाजू होती, आणि ती दडवून इतिहास सांगणे बरे नव्हे. 'शुद्ध' आणि 'अशुद्ध' यांची वाटणी करताना त्यांनीही शार्पप्रमाणेच पुष्कळ टाकले. तबकडी कंपन्यांनी १९२० च्या सुमारास धंद्याच्या सोयीसाठी गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या तबकड्यांच्या दोन याद्या केल्या होत्या. पुढच्या संग्राहकांनी आणि निवेदकांनी त्या याद्यांनाच दोन वेगळ्या परंपरा समजण्याची चूक दीर्घकाळ केली. डिफोर्ड बेलीची हकिकत या बाबतीत बोलकी आहे. हा ठेंगणा कृष्णवर्णीय कलावंत माउथ-ऑर्गनवर आगगाडी जिवंत करी. १९२७ मध्ये ऑप्रीला ते नाव मिळाले त्या रात्री प्रथम वाजला तो बेलीच. पंधरा-सोळा वर्षांच्या सेवेनंतर १९४१ मध्ये त्याला काढून टाकण्यात आले. गीतांच्या हक्कांवरून संस्थांमध्ये भांडण चालले होते आणि त्याची ठरावीक गाणी त्यात अडकली, हे सांगितलेले कारण. त्याला नवी वाट काढून देण्याची तसदी मात्र कोणी घेतली नाही. बेलीने नॅशव्हिलमध्ये बुटांना पॉलिश करण्याचे दुकान चालवून दिवस काढले. गुळगुळीत झालेल्या व्यापारी केंद्रांनी त्याची आठवण ठेवली नाही यात नवल नाही. परंतु परंपरेची राखण करणाऱ्यांपैकीही थोड्यांनीच त्याचे दार ठोठावले. १९७३ च्या सुमारास ते ठोठावले ते शहराच्या गृहनिर्माण खात्यातील डेव्हिड मॉर्टन या तरुण कर्मचाऱ्याने. सरकारी इमारतीत राहणाऱ्या भाडेकरूंची माहिती गोळा करताना त्याला बेली भेटला. मॉर्टनने त्याच्या आठवणी ध्वनिमुद्रित केल्या आणि १९९१ मध्ये त्याचे चरित्र प्रसिद्ध झाले. बेली १९८२ मध्येच वारला होता. कन्ट्री संगीताच्या मानमंदिरात त्याचे नाव २००५ मध्ये लागले. लेस्ली रिडलला शोधून काढले ते १९६० नंतरच्या दशकात माइक सीगर या संग्राहक-गायकाने, आणि तेव्हा कोठे कार्टरच्या गाण्यांमागचा तो कान श्रोत्यांना ठाऊक झाला. या शोधांनंतर प्रामाणिक निवेदकाला आपली जुनी वर्गवारी तशीच वाचून दाखविणे कठीण झाले.

विसाव्या शतकाच्या अखेरीस मग एक विचित्र वळण आले. जे व्यापारी केंद्रांनी केले तेच विद्यापीठे करू लागली. डब्ल्यू.ए.एम.यू. एव्हाना मोठे, प्रतिष्ठित केंद्र झाले होते. बातम्या आणि चर्चा यांना देणगीदार अधिक मिळत. २००१ मध्ये आठवड्यातील दुपारचे ब्लूग्रास बंद झाले. श्रोत्यांनी निषेध केला, पत्रे पाठविली, देणग्या थांबविल्या. पुढे हे संगीत मुख्य केंद्रावरून दुय्यम वाहिनीवर गेले, आणि २०१७ मध्ये त्या वाहिनीची जबाबदारी श्रोत्यांनी व निवेदकांनी उभारलेल्या एका स्वतंत्र संस्थेने उचलली. खुद्द नॅशव्हिलमध्ये, डॉ. बेट ज्या विद्यापीठाचे पदवीधर त्या व्हँडरबिल्टचे विद्यार्थी केंद्र २०११ मध्ये एफ.एम.वरून उतरविण्यात आले. त्याची लहरी शहरातील सार्वजनिक नभोवाणीकडे गेली आणि तीवरून पाश्चात्त्य अभिजात संगीत ऐकू येऊ लागले. ज्या अभिजात संगीताची टवाळी करून ऑप्रीने आपले नाव कमावले, त्याने चौऱ्यायशी वर्षांनी आपली जागा परत मिळविली, असे कोणी म्हणाले तर त्याला विनोदाखेरीज उत्तर नाही.

या साऱ्या तरुण मंडळींत एक असा होता की ज्याने तो डोंगर कधीच पाहिला नाही. जॉन एडवर्ड्स हा ऑस्ट्रेलियाचा. १९३२ चा जन्म. शाळकरी वयापासून त्याला जुन्या अमेरिकन ग्रामीण तबकड्यांचा छंद लागला. सिडनीत बसून, टपालाने, त्याने जगातील एक उत्कृष्ट संग्रह जमविला. वृद्ध झालेल्या गायकांना पत्रे लिहून त्यांची हकिकत मिळविली आणि ती संग्राहकांच्या लहानसहान नियतकालिकांतून छापली. १९६० च्या नाताळच्या आदल्या दिवशी मोटार अपघातात त्याचा अंत झाला. वय अठ्ठावीस. आपल्या पश्चात हा संग्रह अमेरिकेत जावा, आणि या संगीताच्या गंभीर अभ्यासासाठी व जतनासाठी वापरला जावा, अशी इच्छा त्याने लिहून ठेवली होती. मित्रांनी ती पाळली. १९६२ मध्ये त्याच्या नावाने लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात एक संस्था स्थापन झाली, आणि १९८३ मध्ये तो सारा ठेवा डोंगराच्या अधिक जवळ, नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या चॅपेल हिल येथील ग्रंथालयात आणण्यात आला.

त्याच आवारात विद्यार्थ्यांचे डब्ल्यू.एक्स.वाय.सी. नावाचे एक छोटे केंद्र आहे. ७ नोव्हेंबर १९९४ रोजी त्यातील मुलांनी आपले प्रक्षेपण इंटरनेटवरून सोडण्यास आरंभ केला. असे करणाऱ्या जगातील अगदी पहिल्या केंद्रांपैकी ते एक. वसतिगृहाच्या तारांबाहेर ज्याचा आवाज जात नसे तो कॉलेजातला निवेदक त्या दिवसापासून सिडनीतही ऐकू येऊ लागला.